दूध पुरतंय का, ते लंगोटाला विचारा

ताई, मी देवगड तालुक्यातल्या एका गावातून, माहेरून लिहिते आहे. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन झालं. मुलगी आज २२ दिवसांची आहे. जन्मताना २ किलो ८०० ग्रॅम होती, घरी सोडलं तेव्हा पाचव्या दिवशी २ किलो ६१० झाली आणि चौदाव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं ते २ किलो ८१० भरलं. दिवसा बरी असते, पण दिवेलागणीला रडायला लागते ती रात्री दहापर्यंत मला सोडतच नाही. आजी म्हणते तुझं दूध पातळ आहे. शेजारच्या काकी रोज येऊन ‘चेडवाचा पोट भरणा नाय’ म्हणून जातात. सोळाव्या दिवशी हे मुंबईहून आले ते पावडरचा डबा आणि बाटली घेऊनच. तेव्हापासून रात्री दहाला आणि दोनला ६०-६० मिली देतो. ती पिऊन चार तास झोपते. आता माझी छाती मऊच पडली आहे. परवा पाजून झाल्यावर पंप लावून बघितला तर जेमतेम पाव वाटी निघालं. डावीकडे चीर पडली आहे, पाजताना डोळ्यांत पाणी येतं. लावणी चालू असल्यामुळे आई दिवसभर शेतात असते. तीन महिन्यांनी मला काजूच्या कारखान्यात परत जायचं आहे. माझं दूध आटत चाललंय का? मोरी मासा खाल्ला की दूध वाढतं म्हणतात, खाऊ का?

पोरी,

पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू घाईत लिहून पुढे निघून गेलीस. पाचव्या दिवशी २ किलो ६१०, चौदाव्या दिवशी २ किलो ८१०. नऊ दिवसांत २०० ग्रॅम, म्हणजे रोजचे बावीसेक ग्रॅम. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाने दिवसाला २० ते ३० ग्रॅम भरावं अशी अपेक्षा असते. डबा घरात आला सोळाव्या दिवशी. मग हे २०० ग्रॅम कुणाच्या दुधावर चढले?

आणि आधी उतरलेल्या वजनाचं म्हणशील, तर पहिल्या तीन-चार दिवसांत बहुतेक सगळ्याच बाळांचं वजन उतरतं. सात टक्क्यांपर्यंत कुणी भुवई उंचावत नाही, दहाच्या पुढे गेलं की डॉक्टर कारण शोधायला लागतात. तुझ्या लेकीचं सात टक्क्यांच्या आतच उतरलं आणि दोन आठवड्यांत ती जन्माच्या वजनाच्या वर गेली. सिझेरियननंतर दूध उतरायला बऱ्याचदा एखाद-दुसरा दिवस जास्त लागतो, पहिलटकरणीला तर लागतोच. ते धरलं तर तुझं काम चोख चाललं होतं.

तेव्हा सोळाव्या दिवसापर्यंत तुझं दूध आटलेलं नव्हतं. पण त्यानंतर जे चाललंय त्याने ते कमी होऊ शकतं, म्हणून हे उत्तर जरा लांबलचक लिहिते आहे.

बाळ ओढायला लागलं की आईच्या शरीरात दोन संप्रेरकं कामाला लागतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं, पान्हा फुटतो तो त्याच्यामुळे. प्रोलॅक्टिनचं प्रमाण रात्री जास्त असतं. शिवाय छाती भरलेली राहिली की पुढचं दूध बनण्याचा वेग मंदावतो, आणि रिकामी झाली की वाढतो. आता बघ, रात्री दहाला आणि दोनला तू बाटली देतेस. म्हणजे दूध बनायला सगळ्यात सोयीच्या वेळा नेमक्या चुकतात आणि छाती तशीच भरून राहते. शरीर त्याचा सरळ अर्थ लावतं, की एवढं नको आहे. सहा दिवसांत फार बिघडत नाही. पण हेच सहा आठवडे चाललं की काकींचं म्हणणं खरं होऊन बसतं. आधी शंका, मग एक बाटली, मग दुसरी, मग खरोखरच कमी झालेलं दूध आणि शेवटी ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ हा क्रम मी इतक्या घरांत बघितला आहे की तुझं पत्र अर्धं वाचूनच पुढचं अर्धं कळलं.

छाती मऊ पडली म्हणून घाबरलीस. पहिल्या आठवड्यात छाती दगडासारखी होते ती नुसत्या दुधाने नाही, सुजेनेही होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याकडे सूज उतरते, शरीराला बाळाचा अंदाज येतो आणि छाती मऊ लागते. कपडे भिजायचं थांबतं. दूध स्थिरावल्याची ही खूण आहे. पंपाचं म्हणशील तर तो मापाचं भांडं नाही. बाळ ओढतं तसं पंप ओढत नाही, आणि काही बायकांना पंप लावल्यावर पान्हाच फुटत नाही. त्यातून तू पाजून झाल्यावर काढलंस. तरी पाव वाटी निघालं, हे वाईट तर मुळीच नाही.

आजीला सांग, आईचं दूध दिसायला पातळच असतं, थोडं निळसरही दिसतं. म्हशीच्या दुधाची साय डोळ्यांसमोर ठेवून ते बघायचं नसतं. सुरुवातीला येणारं दूध पातळ आणि बाजू रिकामी होत जाईल तसं स्निग्ध होत जाणारं. म्हणून घड्याळ लावून ‘दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे’ असं करू नकोस. एका बाजूला ती स्वतःहून सोडेपर्यंत पिऊ दे, मग दुसरी बाजू दे. २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजणं ह्या वयात अगदी रोजचं आहे.

दिवेलागणीचं रडणं हे तर जवळजवळ प्रत्येक घरात असतं. ह्या वयाची बाळं संध्याकाळी चार-पाच वेळच्या पाजण्या एकमेकींना चिकटवून घेतात. पितात, सोडतात, रडतात, पुन्हा पितात. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा सहाव्या आठवड्याला वाढीचा जोर आला की हे जास्तच होतं. दोन-तीन दिवस छातीला चिकटून ती पुढच्या आठवड्याच्या दुधाची मागणी नोंदवत असते. नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी डबा फुटतो. तुझ्याकडेही सोळाव्या दिवशीच फुटला.

मग बाटली पिऊन ती चार तास झोपते कशी? बाटलीतून दूध फारसं न ओढताही येत राहतं, आणि एवढ्या लहान जिवाच्या टाळूला काही लागलं की तो चोखतोच, भूक असो वा नसो. बाटली संपली म्हणजे भूक होती असं ठरत नाही. पावडरचं दूध पचायलाही जड, म्हणून झोप लांबते.

डब्याबद्दल एक बाजूची गोष्ट. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बाळाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे. डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही, आणि आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम ही सूचना मात्र छापावीच लागते. तुझ्या नवऱ्याने आणलेला डबा फिरवून बघ, सापडेल. म्हणून पावडर हे विष आहे असं मी म्हणत नाही. काही बाळांना तिची गरज पडते आणि तेव्हा ती द्यावीच. पण गरज आहे की नाही हे रडण्यावरून ठरवू नये.

मग कशावरून ठरवायचं? लंगोटावरून. पत्रात तू शी-शूचा आकडा दिलेलाच नाहीस, आणि मला सगळ्यात आधी तो हवा होता. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा चांगली ओली शू व्हायला हवी, रंग फिकट, उग्र वास नाही. शी पिवळीधमक, पातळसर, दाणे दाणे असलेली. पहिल्या महिन्यात ती बहुधा दिवसातून तीन-चार वेळा होते, कधी प्रत्येक पाजण्यानंतर होते, त्याला जुलाब समजू नका. आषाढात आपल्याकडे लंगोट वाळत नाहीत आणि घरात दोरीभर ओलं लटकत असतं, हे मला सांगायला नको. म्हणून बरेच जण पावसाळ्यात डायपरवर येतात आणि मोजणं तिथेच संपतं. डायपर वापरत असाल तर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात धर. भिजलेला डायपर निदान तेवढा जड लागायला हवा. दिवसाचा हिशेब कॅलेंडरवर पेन्सिलीने उभ्या रेघा मारून ठेव. आजीलाही मारता येतील.

आणि ह्या गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा: बाळ पाजायलाही उठत नाही, मलूल पडलं आहे, शू सहाच्या खाली आली, गडद पिवळी झाली किंवा लंगोटावर विटकरी डाग दिसले, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास जोरात चालतो आहे, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, दोन आठवडे उलटूनही कावीळ उतरलेली नाही, किंवा शी पांढुरकी होते. रात्र असो, पाऊस असो, १०८ला फोन करा.

आता बाटली सोडवायचं बघू. एकदम बंद करायची नाही. आधी वजन. आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. एकविसाव्या दिवसाची पावसाने हुकली असेल तर फोन करून बोलावून घे. काटा चौदाव्या दिवशी वापरला तोच हवा, आणि बाळ उघडं करून वजन करायचं, दुपटं-टोपडं सगळं काढून. तू हे वाचशील तोवर दिवस पुढे गेले असतील, तेव्हा चौदाव्या दिवसापासून दिवसाला २० ग्रॅम धरून हिशेब कर. तेविसाव्या दिवशी वजन झालं तर २ किलो ९९०च्या आसपास किंवा वर असायला हवं. ते भरत नसेल, तर बाटली कमी करायच्या आधी बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखव आणि तू स्वतःलाही दाखव. थायरॉईड, बाळंतपणात फार रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं अशा कारणांनी खरोखर दूध कमी पडतं. त्यात आईचा काही दोष नसतो, आणि बहुतेक वेळा उपायही असतो.

वजन भरत असेल तर असं कर. दहाला आणि दोनला आधी दोन्ही बाजू पाज, मग पुन्हा दोन्ही बाजू. ती ओढायची मंदावली की छाती हाताने हलकेच दाबून धर, दूध पुढे येतं आणि ती पुन्हा गिळायला लागते. एवढं झाल्यावरही हवं असेल तरच वरचं दूध, ६०च्या जागी ४५ मिली, आणि बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. घरात जुनं बोंडलं, म्हणजे चोचीचं भांडं, असेल तर तेही चालेल, फक्त त्याच्या चोचीत दूध अडकून राहतं, ते नीट घासून उकळून घ्या. दोन दिवसांनी ३०, आणखी दोन दिवसांनी १५, मग बंद. डब्यातली पावडर आहे तोवर डब्यावर लिहिलंय तशीच कालवायची. पुरवून वापरायची म्हणून पाणी जास्त घालू नका. ह्या आठवड्याभरात कॅलेंडरवरच्या रेघा सहाच्या खाली आल्या तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. नाही आल्या, तर आठ दिवसांनी पुन्हा वजन.

ह्या काळात दुपारी जमेल तेवढा वेळ बाळाला फक्त लंगोटावर, उघडं, तुझ्या उघड्या छातीवर आडवं ठेव, वरून साडीचा पदर किंवा चादर. पान्हा यायला ह्याच्याएवढं दुसरं काही नाही.

डावीकडच्या चिरेकडे येते. पाजताना डोळ्यांत पाणी येतं ते सोसायचं नसतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, बाळाने नुसती निपल पकडली आहे, छाती पकडलेली नाही. मग तुला दुखतं आणि तिला दूधही कमी मिळतं. आधी पाठीला भिंत किंवा उशी घे, पाटावर पाय टेकव. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. तिचं नाक, तोंड नव्हे, निपलच्या समोर येऊ दे. निपलने वरच्या ओठावर हलकं घास. ती मान किंचित मागे टाकून जांभई दिल्यासारखा आ करेल, तोवर थांब. अर्धवट उघडलेल्या तोंडात घाई करायची नाही. मोठा लाडू तोंडात घालायचा असला की आपण तो बोटांनी जरा चेपतो आणि खालचा ओठ आधी टेकवतो, तशी छाती तिच्या ओठांना समांतर चेपून धर, आणि आ झाला की तिलाच झटकन जवळ घे. तू वाकून छाती तिच्या तोंडात द्यायची नाही, पाठ कामातून जाते.

जमलं की कळतं. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर. निपलभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त आणि खाली कमी दिसतो. सुरुवातीला भराभर चोखते, मग पान्हा आला की संथ, खोल, आणि मध्येमध्ये गिळल्याचा बारीक ‘क्ह’ असा आवाज. ‘टक् टक्’ वाजत असेल, गालात खळगे पडत असतील किंवा सोडल्यावर निपल चपटी, लिपस्टिकच्या टोकासारखी तिरकी दिसत असेल, तर पकड चुकली आहे. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडव आणि पुन्हा लाव. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी तीन-चारदा लावावं लागेल, कंटाळू नकोस. टाक्यांवर भार येत असेल तर तिला बगलेत घे, पाय तुझ्या पाठीकडे, डोकं तुझ्या तळव्यात. ही पकड बऱ्याच जणींना जास्त सोपी जाते. रात्री कुशीवर आडवी होऊन पाज.

चिरेवर पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लाव आणि हवेवर सुकू दे. ह्या दमट हवेत ओल्या कपड्याखाली चीर भरत नाही, उलट बुरशी धरते. पकड नीट होऊनही आठवड्यात आराम पडला नाही, निपलला आग होते किंवा बाळाच्या तोंडात न निघणारे पांढरे चट्टे दिसतात, तर दोघींना एकत्रच दाखवायचं. छातीत गाठ आली, लाल झालं, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. पाजणं मात्र थांबवायचं नाही. गाठीवर तेल लावून जोराने चोळत बसायचं नाही, गार पट्टी ठेव.

आता मोरी. मोरीने दूध वाढतं हे किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि मोरीचं मटण उत्तम लागतं ह्याबद्दल माझा काही वाद नाही. पण मोरी म्हणजे शार्क. दुसरे मासे खाऊन जगणारा मासा, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो आणि तो दुधातून बाळाकडे जातो. पाजत्या आईने शार्क टाळावा, असंच आरोग्य यंत्रणा सांगतात. मोठी सुरमई, टुना हेही बेतानेच. त्यापेक्षा तारली, बांगडा, मुडदुशी, मांदेली असे छोटे मासे खा. प्रथिनं मिळतात, तारली-बांगड्यातून बाळाच्या मेंदूला लागणारी चरबीही मिळते. अर्थात पावसाळी मासेमारीबंदीत ताजं मिळेल तेवढंच, नाहीतर अंडी, डाळी, कुळथाची पिठी आहेच.

अळिवाचे लाडू, मेथी, शतावरी, बाळंतशेप ह्यांनी दूध वाढतं ह्याचा पक्का पुरावा नाही. लाडू मात्र खा. अळिवात लोह असतं, लाडवात ओलं खोबरं आणि गूळ असतो, आणि पाजत्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज नेहमीपेक्षा साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. लाडू त्यातला वाटा उचलतो, चमत्कार करत नाही. मेथीचा मारा करू नकोस. काहींना जुलाब होतात आणि साखरेचा त्रास असलेल्यांची साखर उतरते. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, पालेभाजी, सगळं चालतं. बटाटा-वाटाणा वातूळ म्हणून बंद केला असेल तर तो बाळासाठी करायची गरज नाही. पाणी तहान लागेल तसं, पाजायला बसताना तांब्या शेजारी हवाच, पण तांबेच्या तांबे ढोसून दूध वाढत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या मळमळतं म्हणून फळीवर राहतात, तशा ठेवू नकोस. घरात कुणाची मिश्री असेल तर तू तिला हात लावायचा नाही, निकोटीन दुधात उतरतं. आणि पुढे पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा विषय निघाला की ‘मी पाजते आहे’ हे आधी सांग. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. इस्ट्रोजेन नसलेल्याही मिळतात.

आजीची गुटी आणि मध बंद. वेखंड-जायफळ उगाळून एवढ्या बाळाला द्यायचं नाही, आणि वर्षाच्या आत मध तर जिवावर बेतू शकतो. सहा महिने पाणीसुद्धा नको, मे महिन्यात असती तरी नकोच म्हटलं असतं. वरून फक्त एकच गोष्ट द्यायची, डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट. आजीला वाईट वाटेल. तिला दुसरं काम दे. तेल लावणं, ढेकर काढणं, रेघा मारणं. संध्याकाळी रडायला लागली की आधी पाजायचं, आणि मग आजीने खांद्यावर घेऊन ओसरीवर फेऱ्या मारायच्या. मात्र शेगडीची धुरी बाळाजवळ नको, कोंदट पावसात तो धूर घरातच राहतो.

आईची लावणी थांबणार नाही, ते मला कळतं. पण सिझेरियननंतरच्या चौथ्या आठवड्यात तू पाण्याची कळशी उचलत असशील तर ते आधी थांबव. नवऱ्याला स्पष्ट सांग, की पुढच्या खेपेला डबा आणू नकोस, चार दिवसांची रजा काढून ये. कपडे धुणं, इस्त्रीने लंगोट वाळवणं, रात्री दोनला बाळ उचलून तुझ्या कुशीत देणं आणि मग ढेकर काढणं ही सगळी बापाची कामं आहेत. काकींना तू काही बोलू नकोस. त्या आल्या की आईने कॅलेंडर दाखवावं.

राहिला कारखाना. तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत तुझे ८० दिवस भरले असतील, तर पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तीन महिन्यांवर परत बोलावलं असेल तर हे विचारून घे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्याही कायद्यात आहेत. घर जवळ असेल तर त्या खरोखर घे.

जावंच लागलं, तर दोन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा, सकाळच्या पाजण्यानंतर, हाताने दूध काढायची सवय कर. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे, आधी छातीकडे दाबायचं आणि मग बोटं जवळ आणायची. निपल ओढायची नाही. झाकणाच्या उकळलेल्या स्टीलच्या डब्यात काढ. घरात गार असेल तर असं दूध चार तास टिकतं, आपल्या उकाड्यात त्याआधीच संपवायचं. फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याच दिवशी वापरा. वीज किती वेळ गेली ह्यावर नजर ठेवा. गरम करायचं नाही, डबा कोमट पाण्यात उभा ठेवायचा. आणि सुट्टीत दूध काढायच्या किंवा घरी येऊन बाळाला घ्यायच्या आधी हात कोपरापर्यंत साबणाने दोनदा धू. काजूच्या टरफलाचं तेल तुझ्या बोटांनाच डागतं, तिच्या गालाचं काय होईल. कामावरची साडीही आधी बदल.

तू कामावर असताना चमच्याने कोण भरवणार, हे आत्ताच ठरवा. बहुतेक आजीच, कारण तोवर आई भातकापणीला असेल. आठवडाभर आधी सराव करा, आणि तेव्हा तू घरात थांबू नकोस, परसात किंवा रस्त्यापर्यंत जाऊन ये. तुझा वास आला की ती चमच्याकडे बघणारसुद्धा नाही.